रोडपालीचे तुर्की सर

हिराजी सरांच्या हातात काहीही वाचायला दिलं, की ते आधी हात धुवून यायचे. मग ते हेडमास्तरांचं परिपत्रक असो, नाहीतर भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा असो. हात कोरडे करायचे, खिशातून गुल उडवलेली आगकाडी काढायची आणि तिचं टोक एकेका ओळीखालून सरकवत वाचायचं. बोट लावायचे नाहीत. "बोटाचा घाम कागद खातो, बाई," असं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. मी म्हटलं, "सर, ही वाण्याची यादी आहे. खाऊ दे की." ते हसले नाहीत. यादी पूर्ण वाचून त्यांनी मला परत दिली आणि हिंग दोनदा लिहिलाय म्हणून सांगितलं.

पनवेलच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले ते स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी. मी चोवीस वर्षांची, तीन वर्षांपूर्वी कपाळ पुसलेली, आणि सगळ्या जगावर रागावलेली. सर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. इतिहास शिकवायचे. उंच, काळेसावळे, खांदे रुंद. मिठागरावर राबणाऱ्या घरातला मुलगा आहे हे अंगावरून लपत नसे, पण बोलणं असं स्वच्छ की आम्ही पुण्याकडची माणसं त्यांच्यापुढे जपून बोलत असू. गाव रोडपाली, पनवेलहून चालत तासा-दीड तासाचं. रोज चालत यायचे, चालत जायचे. लग्न केलेलं नव्हतं. कुणी विषय काढला की म्हणायचे, "आधी कागद."

या कागदाची गोष्ट शाळेतल्या शिपायापासून सगळ्यांना पाठ होती. सरांचे वडील धर्मा हे खलाशी. पहिल्या महायुद्धात सरकारने बसऱ्याकडच्या नदीवर बोटी चालवायला कोकणातून माणसं नेली, त्यांत तेही मोरा बंदराच्या धक्क्यावरून गेले. सर तेव्हा आईच्या पोटात होते. तिकडे वेढा पडला, तुर्कांनी सगळ्यांना कैद केलं आणि पुढे रेल्वेच्या कामाला जुंपलं. लढाई संपली तेव्हा सरकारकडून 'बेपत्ता' एवढंच आलं. मग वर्षभराने मोऱ्याचा एक खलाशी सुटून परत आला, तो रोडपालीला येऊन धर्माच्या बायकोच्या, चांगुणाबाईच्या, हातात एक कागद देऊन गेला. धर्मा तापाने पडला असताना बाकीच्यांना पुढे हाकललं, आणि हा कागद मागाहून एका तुर्की शिपायाने आणून दिला, एवढंच त्याला माहीत होतं.

चांगुणाबाई कागद घेऊन पनवेलला मोहल्ल्यातल्या कासम मुनशींकडे गेली. मुनशी मदरशात शिकवायचे. हात धुवून, आगकाडी लावून वाचायची रीत ही मूळ त्यांची. त्यांनी अंगणात बसून कागद मोठ्याने वाचला. चांगुणाबाई तोंडावर पदर घेऊन ऐकत होती, मांडीवर चार-पाच वर्षांचा हिराजी. कुणाला काही कळलं नाही. मध्येच एकदा 'धर्मा' असं नाव आलं, तेव्हा तिने पदर दातात धरला. वाचून झाल्यावर मुनशींनी सावकाश कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "अक्षरां आमचीच हायेत, पन जबान आमची नाय, बाय. ही तुर्की. शिकाया लई वरसां लागतील."

"किती?"

"लई."

"मंग माझा पोऱ्या शिकंल," चांगुणाबाई म्हणाली. "परक्याच्या तोंडान्शी मना नको. तो पुरता शिकंल, नि तोच वाचंल."

तिने तो कागद जो उचलून ठेवला तो कुणाच्या नजरेला पडू दिला नाही, मुलाच्याही नाही. आमच्याकडे माणूस नाहीसं होऊन बारा वर्षं झाली, की दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, आणि बायकोच्या बांगड्या फोडतात. बारा वर्षं झाली तेव्हा गाव पुतळ्याचं विचारायला आलं. ती म्हणाली, "कागुद वाचला काय? नाय ना? मंग." आणखी बारा वर्षांनी पुन्हा आलं, तेव्हाही तेच. कपाळावर हे एवढं कुंकू, कोपरापर्यंत हिरवा चुडा, डोक्यावर मिठाची पाटी, अशी ती पनवेलच्या आळ्यांतून हिंडायची. कागद न वाचलेला आहे तोवर धर्मा जिवंत, आणि धर्मा जिवंत तोवर कुंकू. हिशेब सरळ होता.

आणि सर शिकत होते. मुनशींकडे अक्षरं शिकले, उर्दू शिकले. मुंबईला कॉलेजात फारशी घेऊन बी.ए. झाले, कारण तुर्की शिकवणारं तिथे कुणी नव्हतं. मग शाळेत नोकरी करता करता कुठल्याशा जुन्या पुस्तकातून एकट्याने तुर्की व्याकरण घोकू लागले. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात तुर्कांना मोजून तीन ओळी होत्या. सर त्या तीन ओळी आठवडाभर शिकवायचे. सुलतान कसे आले, जहाजं जमिनीवरून कशी ओढून नेली, आणि शेवटी एका पिढीत लिपी बदलली तेव्हा नातवंडांना आजोबांचं अक्षर वाचता येईना, ते कसं. पोरं तल्लीन व्हायची आणि परीक्षेत शिवाजीमहाराजांवरच्या प्रश्नाला नापास व्हायची. हेडमास्तर कपाळाला हात लावायचे.

सरकारने तुर्कांच्या देशातल्या विद्यापीठात भाषा, संस्कृती, इतिहास शिकायला माणसं पाठवायची ठरवली, तेव्हा सर पस्तिशी उलटलेले. तरी अर्ज केला. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तुर्कीच का?" सर म्हणाले, "घरी एक कागद आहे." साहेब लोक हसले म्हणे. पण निवड झाली.

चांगुणाबाईने हट्ट धरला, की जायचं तर मोऱ्यावरूनच लाँच धरायची. मीही धक्क्यावर गेले होते. तिने तो कागद जाड कापडात घालून चारी बाजूंनी शिवून आणला होता. मुलाच्या हातात देताना म्हणाली, "सगल्यांत शेवटची परीक्षा पास जाल्याबिगर टाका काढाचा नाय. माझ्या गल्याची आन." सरांनी तिच्या गळ्याला हात लावला. असा माणूस शपथ मोडणार नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि त्यांच्या आईला तर माझ्याहून आधी.

तीन वर्षं सरांची पत्रं शाळेच्या पत्त्यावर यायची. चांगुणाबाई मीठ घेऊन माझ्या दारात आली की मी वाचून दाखवायची. पाटी उतरवून ती उंबऱ्याशी बसायची. बसऱ्यापर्यंत आगबोट, पुढे तीन-चार दिवस आगगाडी, असा प्रवास सरांनी पहिल्याच पत्रात लिहिला होता. डोंगरातले बोगदे सुरू व्हायच्या आधी एका लहान स्टेशनवर गाडी अर्धा तास थांबली, तिथे उतरून द्राक्षं घेतली, इतकी गोड द्राक्षं जन्मात खाल्ली नव्हती, असंही होतं. वर्गातल्या मुलामुलींचं तर ते फार रंगून लिहायचे. ती सगळी विशीतली, नव्या लिपीत शिकलेली. घरात आजोबांची पत्रं पडलेली, पण वाचता येत नाहीत. मग ती पत्रं घेऊन सरांकडे यायची. सर आगकाडी लावून उच्चार करत जायचे, आणि त्या मुलांना ऐकून अर्थ लागायचा. कधी कुणाच्या आजोबांनी लढाईवरून आजीला लिहिलेलं असायचं आणि मुलगी ऐकता ऐकता रडायला लागायची. 'मी वाचतो आणि ते रडतात, मला मागाहून कळतं का ते,' असं सरांनी लिहिलं होतं. चांगुणाबाईने विचारलं, "भात मिलतो काय तितं?"

पहिल्या वर्षाअखेर सर एका विषयात नापास झाले. वर्ष लांबणार होतं. पत्र वाचताना मला वाईट वाटलं. ती मात्र उठली, समोरच्या दुकानातून गुळाचा खडा घेऊन आली आणि माझ्या हातावर ठेवला. मला वाटलं हिला समजलंच नाही. मी सांगितलं, "अहो, नापास म्हणजे पुन्हा बसायचं. पास नाही झाले."

"समाजला मना," ती म्हणाली. "खा तू."

तो गूळ मी खाल्ला. तिचं समजणं मला समजायला पुढे किती काळ लागला, हे सांगायला आता लाज वाटते.

तिसऱ्या वर्षी ते पत्र आलं. पाकीट जाड होतं. ती नेहमीसारखी उंबऱ्याशी बसली आणि मी नेहमीसारखी मोठ्याने वाचू लागले. पहिलं पानभर नुसता आनंद होता. शेवटची परीक्षा झाली, पहिल्या वर्गात आले, म्हाताऱ्या प्राध्यापकांनी सगळ्यांदेखत पाठ थोपटली. मीही आनंदाने, आवाज चढवून वाचत होते. 'आये, आज संध्याकाळी टाके काढले. एकही शब्द अडला नाही. सगळा कागद लागला.' आणि मग त्याच अक्षरात, त्याच ओघात: तो दवाखान्याचा कागद आहे. बोटीवरचा कैदी धर्मा, डाव्या दंडावर मासा गोंदलेला, तापाने वारला, स्टेशनामागच्या माळावर पुरला. स्टेशनचं नावही होतं. 'आये, हे तेच द्राक्षांचं स्टेशन. मी तिथे अर्धा तास फिरलो.'

माझी जीभ ओढीने पुढे गेली होती, थांबवेपर्यंत सगळं वाचून झालेलं. एका बाईचं कुंकू मी माझ्या मोकळ्या कपाळाने वाचून पुसलं, असं मला वाटलं आणि अजून वाटतं. चांगुणाबाई म्हणाली, "पास जाला?"

"हो. पहिल्या वर्गात."

"बरा जाला." तिने पाटी डोक्यावर घेतली. जाताना वळून मला म्हणाली, "तू कुनाला बोलू नको." मी मान हलवली. पण सरांनी त्याच टपालाने चुलत्याला, पोशाकाकांना, वेगळं पत्र लिहिलं होतं. कर्तव्य म्हणून. रोडपालीत ते देवळात वाचलं गेलं.

मुलगा येईपर्यंत गाव थांबलं. सर आले त्याच्या तिसऱ्या दिवशी खाडीकाठी दर्भाचा पुतळा झाला. सरांनी मिशी उतरवली, पुतळ्याला अग्नी दिला. घरी बायकांनी चांगुणाबाईचा चुडा दगडावर फोडला. मी तिथे होते. ती रडली नाही. सर ओल्या अंगाने परत आले तेव्हा तिने त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "एवरी घाई कशाला केलीस रं?"

पस्तीस वर्षं शिकलेल्या माणसाला हे विचारलं. सर तिथेच खाली बसले.

त्यानंतरचं एक वर्ष सर वरवर बघता मजेत होते. पेपर वाटताना तुर्कीत मोजायचे, बिर, इकी, उच, दोर्त. पोरांनी 'तुर्की सर' हे नाव तेव्हाच ठेवलं. बिनदुधाचा चहा काचेच्या पेल्यातून प्यायचे. उत्तरेकडच्या एका विद्यापीठात तुर्की शिकवायला माणूस हवा होता, तिथून बोलावणंही आलं. पण घरी आई बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, जेवढ्यास तेवढं. जेवायला वाढायची आणि पाठ करून बसायची. हळदीला तिला कुणी बोलवेना. मीठ विकायला आली तर सकाळी सकाळी विधवेचं तोंड नको म्हणून काही घरं दार लोटून घ्यायची. ती दारं माझ्या ओळखीची होती.

एक दिवस सर मोहल्ल्यात मुनशींकडे जाऊन आले. मुनशी तेव्हा अगदी थकलेले, डोळे गेलेले. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शाळेच्या ओट्यावर बसून सरांनी मला सगळं सांगितलं.

"त्या कागदातले मुख्य शब्द, बाई, तुर्कीत आणि उर्दूत एकच आहेत. मरण, ताप, दवाखाना. मला ते बाराव्या वर्षापासून येत होते. आईने कागद दाखवला असता तर पनवेलच्या मदरशात बसून वाचला असता. आणि मला येत होते तर मुनशींना येत नव्हते का?"

"मग? काय म्हणाले ते?"

सरांनी मुनशींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "मना त्याच दिवशी कललां होतां, बेटा. तुझ्या आईनं माझ्या तोंडाकडं बघितलां, तिलाबी कललां. म्हनून तर तिनं 'किती' इचारलां. तुला धाडला तो शिकत ऱ्हावा म्हनून. शिकून मोकला व्हावा म्हनून नाय."

ओट्यावरून पोरं पळत होती. सर म्हणाले, "बाई, वाचलेलं परत करता येतं का?"

"नाही," मी फटकन म्हणाले. मला सगळ्यांचाच राग आला होता. मुनशींचा, त्या बाईचा, आणि या शहाण्या माणसाचा सगळ्यांत जास्त.

"बघतो," ते म्हणाले.

त्यांनी काय पाहिलं ते असं. रोडपालीच्या देवळात गाव जमलेलं असताना ते उभे राहिले आणि म्हणाले, माझी चूक झाली. तो कागद माझ्या वडिलांचा नाही, दुसऱ्याच कुणा धर्माचा आहे. मला नीट वाचता आला नाही. पोशाकाका म्हणाले, "मंग तीन वरसां तितं काय माशा मारल्यास?" सर म्हणाले, "हो काका. मला ती भाषा आली नाही." जिवंत बापाचा पुतळा जाळला म्हणून गावाने त्यांना देवीपुढे नाक घासायला लावलं. उभ्या गावासमोर त्या माणसाने नाक घासलं. दुसऱ्या दिवसापासून मिशी वाढवायला घेतली, कारण बाप जिवंत असलेला मुलगा मिशी काढत नाही. आठवड्याने चांगुणाबाई माझ्या दारात आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं, जरा वाकडं लागलेलं. आरशाची सवय मोडली होती बिचारीची. मी काही विचारलं नाही. पाटी उतरवता उतरवता ती म्हणाली, "माझा पोऱ्या नापास जाला." असं समाधान मी कुठल्याही आईच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

विद्यापीठाला सरांनी नकार कळवला. मी भांडले. म्हटलं, आईला सांगायचं ते सांगा, पण नोकरीचं काय? ते म्हणाले, "इथे चुकलेला माणूस तिथे शिकवतो कसा, असं काका विचारतील." खोटं एकदा बोलून भागत नाही, रोज राखावं लागतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. तुर्की पुस्तकं मदरशात देऊन टाकली. पेपर वाटताना मराठीत मोजू लागले. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी विचारलं, "तिकडे गेलेले ते तुम्हीच ना?" तर म्हणाले, "गेलो होतो. जमलं नाही." शिक्षकांच्या खोलीत हशा पिकायचा. हेडमास्तर म्हणायचे, सरकारने याच्याऐवजी मिठाचं पोतं पाठवलं असतं तर निदान तिकडच्यांच्या कालवणाला उपयोग झाला असता. सर त्या हशात सामील व्हायचे. मी व्हायची नाही, पण खरं काय तेही सांगायची नाही.

या खोट्याची किंमत एकदा तिसऱ्याच माणसाने दिली. ते सांगितल्याशिवाय सरांना नुसतं थोर म्हणून सोडून देणं मला जमणार नाही. कर्नाळ्याच्या खिंडीत एक मोटार उलटली आणि तिच्यातला एक परदेशी माणूस छाती चेपलेल्या अवस्थेत पनवेलच्या दवाखान्यात आणला. तो काहीतरी सांगत होता, सारखं तेच तेच, आणि कुणाला कळत नव्हतं. त्याच्या पासपोर्टावरून तो तुर्क असल्याचं डॉक्टरांना कळलं, त्यांनी शाळेत माणूस धाडला. सर गेले, सोबत मी. खाटेजवळ रोडपालीचे दोन गाडीवान उभे होते. त्यांनीच त्याला बैलगाडीतून आणलं होतं. तो माणूस बोलला. सरांच्या गालाचा स्नायू हलताना मी पाहिला. डॉक्टर म्हणाले, "काय म्हणतोय?" सर त्या दोन गाडीवानांकडे बघत म्हणाले, "नाही कळत मला."

मी बाहेर ओढून नेऊन त्यांना वाट्टेल ते बोलले. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. गाडीवान गेल्यावर धावत आत गेले, दार लावून घेतलं. थोड्याच वेळात बाहेर आले.

"काय म्हणत होता?" मी विचारलं.

"गावाचं नाव सांगत होता. मेलो तर कुणाला कळवायचं ते. मी आत गेलो तेव्हा तो काहीच म्हणत नव्हता."

त्या माणसाच्या घरी सरांनी त्याच दिवशी तुर्कीत पत्र लिहिलं. टपालात मी टाकलं, त्यांना कुणी पाहू नये म्हणून. पण आपलं बोलणं कुणाला तरी पोचलं, हे न कळताच तो गेला. सरांच्या वडिलांसारखाच. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती. त्या दिवसापासून सरांच्या हाताला जो कंप सुटला तो शेवटपर्यंत राहिला. फळ्यावरची रेघ सरळ येईना.

मिशी परत वाढली त्याला सात-आठ वर्षं होऊन गेली, आणि चांगुणाबाई गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी सकाळी संपली. निरोप आला तशी मी रोडपालीला गेले. मी पनवेल सोडून नाशिकला जायचं ठरलं होतं, सामान बांधून तयार होतं. विद्यापीठाकडून सरांना पुन्हा एकदा विचारणा झालेली होती, ती जागा परत रिकामी झाली होती. हे त्यांनी मला आधल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि सांगताना पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात हाव होती. वाटेने चालताना माझ्या मनात तेच होतं. सुटला बिचारा. आता खरं बोलेल, बापाचं श्राद्ध घालेल, आणि चार माणसांत विद्वान म्हणून जगेल.

घरात बायकांचं वाजलं होतं. एकीने हिरवं लुगडं काढलं होतं, दुसरी पांढरं घेऊन बसली होती. एकीचं म्हणणं, सवाष्ण गेली, ओटी भरून न्यायची. दुसरी म्हणत होती, जिचा चुडा एकदा आपण फोडला तिला हिरवं कसं नेसवायचं, गावाला दोष लागेल. प्रेत तसंच पडून होतं. कपाळावरचं कुंकू कुणी पुसेना आणि नवं लावेना. शेवटी पोशाकाका दारात आले, म्हाताऱ्याने काठी आपटून सगळ्यांना गप्प केलं आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली.

"हिराजी! आय गेली तुझी. आता कुनासाठी लपवतस? खरा काय तो सांग. तो कागुद धर्माचा हाय का नाय?"

सर अंगणातून उंबऱ्याशी आले. आम्ही सगळ्या त्यांच्याकडे बघत होतो. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी मान हलवली, बोला म्हणून. इतकी वर्षं ज्यांच्या तोंडून मी पुस्तकी मराठीखेरीज अवाक्षर ऐकलं नव्हतं, ते सर त्यांच्या आईच्या बोलीत बोलले.

"नाय काका. मना तवा वाचता आला नाय, आताबी येत नाय. बाप जित्ता हाय माझा. हिरवा लुगरा नेसवा तिला."

पांढरं लुगडं घेऊन बसलेली बाई उठून गेली. पण पोशाकाका हलले नाहीत. म्हातारा कसला सोडतो.

"जित्ता हाय ना? मंग बायकोला आग देवाचा मान नवऱ्याचा. कवा येतो तो?"

मला वाटलं, आता मोडेल हा माणूस.

"लांब हाय काका," ते म्हणाले. "त्याला यायाला उशीर होनार. तवर मी देतो."

पोशाकाका काठी टेकत दारातून बाजूला झाले. सवाष्णींनी तिला हिरवं नेसवलं, ओटी भरली. गावाची शेवटची घरं संपली तिथे बायका थांबल्या, मीही थांबले. सर विस्तवाचं मडकं घेऊन मिठागराच्या बांधावरून पुढे चालले होते. मागे वळून पाहण्याची रीत नसते, त्यांनी पाहिलं नाही. सरांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. नाशिकहून मी पत्र टाकलं, की आता तरी विद्यापीठाला होकार कळवा. चार ओळींचं उत्तर आलं: 'बाई, ज्याला तुर्की येत नाही त्याने तिथे जाऊन काय करायचं?'